दहा कामाचे दिवस

ब्रॅडवेल, व्हरमाँट
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय ओडील मावशी,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते तू मनाने भरून काढतेस, म्हणून हे पत्र. आधी कच्चं लिहून घेतलं होतं. ही पक्की प्रत आहे.

घरसेवा मंडळात मी सप्टेंबरपासून आहे हे तुला माहीत आहे. पण उद्या सकाळी आठ वाजता मी तयार केलेली एक गोष्ट तिथे चालू होणार आहे, आणि तीन दिवस झाले, मला जेवण जात नाही.

आमचं मंडळ ठरवतं की कोणाच्या घरी मदतनीस पाठवायची, किती तास पाठवायची आणि कधी बंद करायची. बंद करायचं ठरलं की त्या घरी पत्र जातं. ते मान्य नसेल तर दहा कामाच्या दिवसांत हरकत घ्यायची. दहाव्या दिवसापर्यंत हरकत पोचली तर सुनावणी होते आणि तोवर मदतनीस येत राहते. अकराव्या दिवशी पोचली तर काहीच होत नाही. एका दिवसाने माणूस आत किंवा बाहेर.

हे दिवस एकतीस वर्षं वर्ना मोजत आली. भिंतीवर कॅलेंडर, हातात पेन्सिल, आणि चौकोनाचौकोनावर बोट ठेवत जायचं. मेअखेर ती निवृत्त होते आहे. आमच्या साहेब मिसेस प्रिचर्ड मला म्हणाल्या, हे आता डेटाबेसकडून करून घे. दोन तारखांची वजाबाकी डेटाबेस क्षणात करतो, पण ते साधे दिवस झाले. त्यातून शनिवार-रविवार काढणं थोडं अवघड. सुट्ट्या काढणं सगळ्यात अवघड, कारण सुट्टी कधी आहे हे यंत्राला कळत नाही, सांगावं लागतं. त्यासाठी मी सुट्ट्यांचा वेगळा तक्ता केला. वॉशिंग्टनची सरकारी यादी समोर ठेवून अकरा तारखा भरल्या.

वर्नाकडे मी तिची यादी मागितली होती. ती म्हणाली, "माझ्याकडे कसली आलीय यादी? ज्या दिवशी मी येत नाही, तो दिवस मी मोजत नाही." तू हसशील, पण असं उत्तर मिळालं की मला घाम फुटतो. त्यावर काम कसं करायचं?

मग मी डिसेंबर आणि जानेवारीच्या दोनशे बारा फायली काढल्या. एका बाजूला वर्नाच्या पेन्सिलीचा आकडा, दुसऱ्या बाजूला माझा. सगळ्या जुळल्या. त्यानंतर मी ते सगळं तीस वेळा तपासलं. तीस हा अंदाज नाही, मी रेघा मारून ठेवल्या आहेत.

उशिरा हरकत घेणाऱ्यांना जे पत्र जातं तेही मीच लिहिलं. मिसेस प्रिचर्डना त्यात 'खेद' नको होता. खेद म्हटलं की लोक वकील शोधतात म्हणे. मग मी शेवटी एक वाक्य घातलं: 'मोजणी काळजीपूर्वक केलेली आहे, याची खात्री बाळगावी.' प्रत्येक शब्द कोशात बघून घेतला. त्या म्हणाल्या, वाचायला बरं वाटतं.

मी कॉलेजचं पहिलं वर्षही पुरं केलं नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलून दाखवत नाही. जूनपर्यंत मी कच्चा आहे, मग कायम करतात. तोवर काही चुकायला नको.

काका कसे आहेत? मदतनीस ट्रीना पाचही सकाळी येते ना? मार्चच्या गावसभेला जेवणाच्या टेबलावर तुझ्या बीन्स असतीलच. मतं मोजायला मी येतो आहे. काकांच्या स्टुलावर बसेन.

तुझा,
लायल

* * *

ईस्ट टॅनर
शनिवार, १७ फेब्रुवारी

लायल,

तुझं पत्र रोझेरला वाचून दाखवलं. वाचता वाचता कॉफी गार झाली, पुन्हा केली. "तीस वेळा तपासलं" इथे आल्यावर त्याने खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. दोनदा. बावीस वर्षं या गावची मतं मोजली त्याने, त्यामुळे दोनदा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दोनदा मोज आणि मग दुसऱ्याच्या हातात दे. तीस वेळा मोजणारा तिसाव्या वेळीही तेच बघतो, असं तो म्हणाला असता. त्याला बोलता येत नाही म्हणून मी म्हणते.

आणि जेव. तुझ्या आईला मी काय उत्तर देऊ?

तुमच्या मंडळाची एक मुलगी जानेवारीत येऊन गेली. मांडीवर पाटीएवढा संगणक. वीस मिनिटं बसली. रोझेरला म्हणाली, "आजोबा, चमचा उचलता येतो का?" आता दोन वर्षांत, म्हणजे त्या अर्धांगाच्या झटक्यापासून, कोणी परक्या मुलीने या माणसाला काही करून दाखवायला सांगितलं नव्हतं. त्याने डाव्या हाताने चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि वर तिच्याकडे बघून हसला. माझ्यासमोर रोज सकाळी हाच चमचा त्याला मणाचा होतो. ती म्हणाली, छान. टिपून घेतलं आणि गेली. त्याच्या पायात बूट कोण घालतं, ते तिने विचारलं नाही.

ट्रीना येते. तिच्याशिवाय त्याला खाटेवरून खुर्चीत आणणं मला आता जमत नाही, माझ्या पाठीने ते काम सोडलं. पण ती येते, म्हणून सगळं चालू आहे. खिडकीजवळ बसतो, मॅपलच्या झाडांवर नजर ठेवतो, मी रसासाठी बादल्या वेळेवर लावते की नाही ते बघतो. घरात असला की हा माणूस अजून घरमालक आहे.

तुझं ते खात्रीचं वाक्य जरा कडक कॉलरच्या शर्टासारखं वाटलं. पण तू लिहिलंस म्हणून चांगलं.

ओडील मावशी

* * *

ब्रॅडवेल
बुधवार, ६ मार्च

प्रिय मावशी,

एकोणतीस फेब्रुवारीने माझा जीव घेतला. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, आणि तो माझ्याच वाट्याला आला. यंत्राने तो गाळला तर? दोनदा धरला तर? त्या गुरुवारी मी दिवसभर पडद्यासमोरून हललो नाही. वर्ना जाता येता म्हणत होती, "अंडं उबवतोयस का रे?" पण तो दिवस बरोबर मोजला गेला. एकदाच. मी अठ्ठावीसपासून एक मार्चपर्यंतच्या तारखांच्या सगळ्या जोड्या हाताने ताडून बघितल्या. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

काल गावसभेला पहाटे साडेपाचला निघालो. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, कॉफीची पिंपं चढवली. मग नेहमीप्रमाणे रस्त्यांसाठी नवा ट्रक घ्यायचा की जुन्यालाच ठिगळ लावायचं यावर अडीच तास भांडण झालं. म्हातारा डेलबर्ट तीनदा उठला आणि तिन्ही वेळा तेच बोलला. माझ्या वाट्याला चारशे सोळा मतपत्रिका आल्या. काकांनी शिकवल्याप्रमाणे पन्नासाचे गठ्ठे केले, दोनदा मोजले, पलीकडे बेव्हर्लीच्या हातात दिले. जुळले. तरी डेलबर्ट म्हणालाच, "पोरगा बरा आहे, पण रोझेरची सर नाही." निघेपर्यंत सात वाजले. ऑफिसात आठवड्यात होत नाही एवढं काम एका मंगळवारी झालं.

तुझ्या बीन्स नव्हत्या. टेबलावर त्यांची जागा तशीच ठेवली होती, कोणी तिथे दुसरं भांडं ठेवलं नाही. बेव्हर्ली म्हणाली, तुला यायला जमलं नाही. मी वर घरी यायला हवं होतं, पण अंधार पडला होता आणि आज आठला ऑफिस. सगळं ठीक आहे ना? काकांना बरं नाही का?

लायल

* * *

घरसेवा मंडळ, ब्रॅडवेल
शुक्रवार, ८ मार्च २०२४
फाईल क्रमांक ४४१७

श्रीमती ओडील लेक्लेर यांस,

आपले पती श्री. रोझेर लेक्लेर यांना मिळणारी सकाळची मदतनीस सेवा बंद करण्याचा निर्णय आपणास दि. २१ फेब्रुवारीच्या पत्राने कळवण्यात आला होता. त्यावरील आपली हरकत दि. ७ मार्च रोजी, म्हणजे अकराव्या कामाच्या दिवशी, मंडळाकडे पोचली. मुदत दहा कामाच्या दिवसांची असल्याने ती विचारात घेता येत नाही.

सेवा शुक्रवार, ५ एप्रिल रोजी बंद होईल. घरी अन्य व्यवस्था होऊ शकत नसल्यास श्री. लेक्लेर यांच्यासाठी ब्रॅडवेल येथील शुश्रूषागृहात सोमवार, ८ एप्रिलपासून जागा राखून ठेवली आहे. सोबत न्यावयाच्या सर्व कपड्यांवर नाव असावे.

मोजणी काळजीपूर्वक केलेली आहे, याची खात्री बाळगावी.

(हे पत्र संगणकाने तयार केले असल्यामुळे त्यावर सही नाही.)

* * *

ईस्ट टॅनर
शनिवार, १६ मार्च

लायल,

सगळं ठीक आहे. बीन्सच्या भांड्याला चीर गेली म्हणून यंदा केल्या नाहीत. एवढ्यासाठी तू जेवण सोडू नकोस.

यंदा बादल्याही लावल्या नाहीत. रस चांगला वाहतोय म्हणतात, पण हात दुसऱ्या कामात गुंतलेत. रोझेरच्या शर्टांच्या कॉलरना नावाच्या पट्ट्या शिवतेय. नऊ शर्ट झाले, गरम पायजमे राहिलेत. रस्ता आता चिखलाचा झाला आहे, ट्रीना आपला ट्रक खाली टपालपेट्यांजवळ उभा करते आणि वर चालत येते. टपालवाला खालीच टाकून जातो.

एक विचारायचं होतं. बेव्हर्लीच्या आईला तुमच्या मंडळाचं पत्र आलंय. पहिल्या पत्रावर तारीख २१ फेब्रुवारी. म्हातारीची हरकत तुमच्याकडे पोचली ७ मार्चला. ते दहा दिवस होतात की अकरा? पहिला दिवस धरायचा की नाही, यात तिचा गोंधळ होतोय. मी तिला सांगितलं की लायलचं यंत्र अकरा म्हणालं तर ते अकराच. तरी एकदा तुझ्या हाताने मांडून पाठव, म्हणजे मला दाखवता येईल. घाई नाही. म्हणजे पाच एप्रिलच्या आत मिळालं तर बरं.

रोझेर खिडकीजवळ आहे. आज गप्प आहे. म्हणजे बोटानेही गप्प.

ओडील मावशी

* * *

ब्रॅडवेल
गुरुवार, २१ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र आज मिळालं. भांडं मी नवं आणतो, ब्रॅडवेलच्या दुकानात मातीचं तसंच मिळतं. नावाच्या पट्ट्यांचं मात्र कळलं नाही. तुमच्या घरातून काकांचे शर्ट कोण पळवणार आहे?

बेव्हर्लीच्या आईचं हाताने मांडून देतो. नियम असा, की ज्या तारखेचं पत्र तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची. आणि कामाचा दिवस म्हणजे मंडळाचं कार्यालय उघडं असतं तो दिवस, हे नियमातच लिहिलेलं आहे. आता बघ.

२२ फेब्रुवारी, गुरुवार, एक. २३, शुक्रवार, दोन. मग शनिवार-रविवार सोडायचे. २६, सोमवार, तीन. २७, चार. २८, पाच. २९, गुरुवार, सहा. हाच तो दिवस ज्याने मला छळलं, पण तो बरोबर आहे. १ मार्च, शुक्रवार, सात. पुन्हा दोन दिवस सोडायचे. ४ मार्च, सोमवार, आठ. त्या दिवशी आमच्याकडे छपाईयंत्र अडलं होतं. ५ मार्च, मंगळवार, नऊ. त्या दिवशी मी

त्या दिवशी मी ईस्ट टॅनरला मतं मोजत होतो.

मावशी, मंगळवारी मी दिवसभर ईस्ट टॅनरला होतो, आणि मी रजा टाकली नव्हती. मला कोणी विचारलंही नाही की तू कुठे होतास.

मी इथे थांबतो. उद्या लिहितो.

शुक्रवार, २२ मार्च, दुपार

सकाळी सातपासून दारात उभा होतो. वर्ना पावणेआठला आली.

"वर्ना, गावसभेच्या दिवशी आपलं ऑफिस..."

"बंद. नेहमीच बंद असतं. मी आमच्या गावी सभेत ॲपल-पाय वाटत होते. का रे?"

"मला तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. ज्या दिवशी मी येत नाही, तो दिवस मी मोजत नाही."

वॉशिंग्टनच्या यादीत आपली गावसभा कशी असेल? ती सुट्टी फक्त आपल्या राज्याची. आणि मी इथेच जन्मलो, मावशी. बाहेरून आलेल्या माणसाने कॅलेंडरवर बघून एका मिनिटात विचारलं असतं. मला कधी सुचलं नाही, कारण त्या दिवशी रिकामा बसलेला माणूस मी जन्मात बघितला नाही. खुर्च्या उचलायच्या, भांडी घासायची, मतं मोजायची. सुट्टी म्हणजे नाताळ असं माझ्या डोक्यात. ऑगस्टमध्ये आपल्या राज्याची आणखी एक आहे, तीही मी घातली नव्हती. माझ्या दोनशे बारा फायली डिसेंबर-जानेवारीच्या होत्या. त्यात मार्च नव्हता आणि ऑगस्टही नव्हता.

मग ५ मार्च वगळून सगळं पुन्हा मोजलं. चौदा जण निघाले. चौदा जणांची हरकत दहाव्या दिवशी पोचली आणि माझ्या यंत्राने ती अकराव्या दिवशीची ठरवली. मला नावं दिसत नाहीत, फक्त फाईल क्रमांक. नावं वर्नाच्या पडद्यावर असतात. ती एकेक उघडत गेली. मी बेव्हर्लीच्या आईची वाट बघत होतो. ती त्यात नव्हतीच. बाराव्या नावावर वर्नाचं बोट थांबलं.

"लेक्लेर, ईस्ट टॅनर. तुझी मावशी ना ही?"

तुझ्या भांड्याला चीर गेलेली नाही. पट्ट्या कशासाठी तेही आता कळलं. ते पत्र मी लिहिलेलं होतं, आणि तू ते माझ्यापासूनच लपवलंस.

मिसेस प्रिचर्ड सोमवारपर्यंत राजधानीत आहेत. वर्ना म्हणते, त्यांच्या सहीशिवाय काही परत उघडत नाही. उद्या सकाळी मी वर येतो. शुश्रूषागृहाच्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस. केली असलीस तर मला सांग कोणत्या.

लायल

* * *

ब्रॅडवेल
मंगळवार, २ एप्रिल

प्रिय मावशी,

त्या शनिवारी मी आलो होतो. टपालपेट्यांच्या पुढे तीस पावलांवर गाडी चिखलात आसापर्यंत बसली. डेलबर्टने ट्रॅक्टर लावून बाहेर काढली आणि म्हणाला, "मार्चमध्ये या टेकडीवर छोटी गाडी घेऊन येणारा माणूस मतं मोजतो, म्हणजे कमाल आहे." चालत यायला निघालो तर त्याने अडवलं, पूल वाहून गेलाय म्हणाला. तुझ्या पेटीत चिठ्ठी टाकली. फोन केला, तो वाजतच राहतो. आज सात कामाचे दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी रोज पहिल्यांदा टपाल बघतो, मग काम.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी मिसेस प्रिचर्डना सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी कागद वाचून खाली ठेवला.

"कळलं कसं तुला?"

"हाताने लिहून काढताना."

"तुझी मावशी यात आहे, हे आधी कळलं की नंतर?"

"नंतर. पण ती नसती तर मी हाताने लिहून काढलं नसतं." हे सांगायची गरज नव्हती. पण ते खरं होतं.

त्यांनी पहिल्यांदा फोन उचलून चौदाही घरांचं काम थांबवलं. मग म्हणाल्या, "तुझा कच्चा काळ मी नव्वद दिवस वाढवते आहे."

"कामाचे की साधे?"

"लायल, आत्ता हे विचारू नकोस."

आज चौदा पत्रं गेली, नोंदणी टपालाने, त्यांच्या हाताच्या सहीची. मजकूर मी लिहिला. 'चूक मंडळाची आहे.' त्याला कोश लागला नाही. तुझी हरकत मुदतीत धरली आहे. आजच्या तारखेपासून तीस कामाच्या दिवसांत सुनावणी होईल आणि ती होईपर्यंत ट्रीना येत राहील. आठ एप्रिलची जागा रद्द झाली आहे. मी स्वतः जाऊन बघून आलो की तिथल्या फळ्यावरून काकांचं नाव पुसलं.

चौदापैकी एकाच्या बाबतीत आम्हाला उशीर झाला. मिस्टर पेल्की म्हणून आहेत, नॉर्थ टॅनरचे. त्यांच्या मुलाने वाट न बघता त्यांना २२ मार्चलाच शुश्रूषागृहात पोचवलं, घराला कुलूप घातलं आणि कोंबड्या वाटून टाकल्या. फळ्यावर त्यांचं नाव आहे. त्यांनाही पत्र गेलं, ते परत येऊ शकतात. कोंबड्यांबद्दल माझ्या पत्रात काही नाही. काय लिहायचं ते मला कळलं नाही.

मावशी, काका घरी आहेत ना? एवढंच लिहून टाक. बाकी रागव, पण एवढं लिही.

लायल

* * *

ईस्ट टॅनर
बुधवार, १० एप्रिल

लायल,

घरी आहे. खिडकीजवळ बसलाय.

तुझी गाडी रुतली तेव्हा मी माडीच्या खिडकीतून बघत होते. ट्रीनाचा ट्रक खालीच उभा होता, तिला पाठवता आलं असतं. पूलही वाहून गेलेला नाही, एक फळी निसटलीय. डेलबर्टला वाटलं की तू पडशील. मी कोणाला पाठवलं नाही. फोनची वायर मी काढून ठेवली होती. तुझं बावीस तारखेचं पत्र तेव्हा हातात नव्हतं, आणि मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. आता कारण सांगते.

ते आठ मार्चचं पत्र आलं तेव्हा मी रोझेरला वाचून दाखवलं. "अकराव्या" म्हटल्याबरोबर त्याने बोट आपटायला सुरुवात केली. दहा. मी म्हटलं, अकरा रे. पुन्हा दहा. कॅलेंडर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. पाच मार्चच्या चौकोनावर त्याने बोट ठेवलं आणि बाजूला सारल्यासारखं केलं, खराब मत गठ्ठ्यातून बाजूला काढतात ना, तसं. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, गावसभा चुकली त्याचं दुःख करतोय. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हटलं, रोझेर, पुरे. लायलने तीस वेळा तपासलंय. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात तुला मोजता येत नाही असं मी त्याला पहिल्यांदा म्हटलं. त्याने हात पांघरुणात घेतला. पुढे आठवडाभर बोट हललं नाही.

खालचं ते खात्रीचं वाक्य मी ओळखलं होतं. तुला कळवलं तर तू काय करून घेशील, याची भीती वाटली. म्हणून बेव्हर्लीच्या आईला मध्ये आणलं. ती बिचारी ठणठणीत आहे, परवा लाकडं फोडत होती. तुझं हाताने मांडलेलं उत्तर आलं असतं, अकरा, तर मी शिवलेल्या शर्टांची पेटी बंद केली असती आणि त्याला नेलं असतं. चमचा उचलता येतो म्हणून घरी मदत नको, आणि घरी मदत नाही म्हणून शुश्रूषागृह. हे कुठल्या तक्त्यात बसतं, ते तुझ्या मिसेस प्रिचर्डना विचार.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, "त्या दिवशी मी" पर्यंत, आणि तू जिथे थांबलास तिथे मीही थांबले. त्याने हात बाहेर काढला. दहा वेळा आपटला. मी म्हटलं, हो. तुझंच बरोबर होतं. एवढंच म्हटलं, आणि मग मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

मंडळाचं नवं पत्रही आलं. तुझं ते वाक्य त्यात नाही. बरं केलंस.

सोमवारी, जो त्याचा जायचा दिवस होता त्या दिवशी, ट्रीनाने आणि मी त्याची खुर्ची अंगणात नेली. सूर्यग्रहण लागलं आणि भर दुपारी अंधार झाला. खाली रस्त्यावर ते बघायला आलेल्या बोस्टनच्या दहा-बारा गाड्या चिखलात रुतून बसल्या होत्या, तुझी आठवण झाली. सूर्य परत आला तेव्हा रोझेर माझ्याकडे असा बघत होता, जसं काही त्यानेच आणला.

आता मुद्द्याचं. दोन एप्रिलपासून तीस कामाचे दिवस. मी मोजले तर पंधरा मे येते. तो आपटतोय चौदा. मी आठ एप्रिल धरला नाही. शाळा बंद, दुकान बंद, सूर्यच बंद, तर ऑफिस कसं उघडं असेल? पण या खेपेला मी त्याला चूक म्हटलं नाही. दोनदा मोज आणि दुसऱ्याच्या हातात दे. तर देते आहे. तू मोज.

ओडील मावशी

* * *

ब्रॅडवेल
शुक्रवार, १२ एप्रिल

प्रिय मावशी,

यंत्राला विचारलं नाही. वर्नाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजलं, दोनदा, आणि वर्नाच्या हातात दिलं. चौदा मे. काकांचं बरोबर आहे. आठ एप्रिलला आम्ही कामावर होतो. अंधार झाला तेव्हा मिसेस प्रिचर्डनी आम्हाला तीन मिनिटं बाहेर उभं राहू दिलं, आणि उजाडल्यावर म्हणाल्या, चला.

सुनावणीही त्याच दिवशी लागली आहे, मंगळवार, चौदा मे, सकाळी दहा. शेवटचा दिवस. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे, लेखी. तेव्हा रस्ता वाळलेला असेल. मी आणि ट्रीना मिळून काकांना खाली आणू.

तिथे तिघे जण असतात. निर्णय त्यांचा आहे, आणि तो काय होईल ते मला कुठूनही मोजता येत नाही. झोप येत नाही ती आता त्याची. ते काकांना चमचा देतील आणि काका तो उचलतील. उचलू नका असं मी सांगू शकत नाही, आणि सांगून ते ऐकणारही नाहीत.

म्हणून त्या मुलीने जे विचारलं नाही, त्यासाठी एकच कर. काकांचे बूट सोबत घे. त्यांच्या पायात घालून आणू नकोस, हातात घेऊन ये.

तुझा,
लायल